यंत्राचं इच्छापत्र

ओसाड प्रदेशातून जाणाऱ्या तेलवाहिनीतला दाब अचानक घटला, तर दूरच्या नियंत्रण कक्षाला ते कळणार कसं? उपग्रहामार्फत! पण तो संपर्क पडला महागडा. म्हणून १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर या दोघांनी निरोप धाडण्याची एक काटकसरी पद्धत तयार केली. तिचं नाव एमक्यूटीटी. आज इंटरनेटवरच्या अनेक 'क्लाउड' सेवा यंत्रांचे निरोप याच पद्धतीने घेतात.

युक्ती अगदी साधी आहे, बरं का! यंत्र आपला निरोप मधल्या 'ब्रोकर'कडे देतं. त्यावर विषय लिहिलेला असतो, समजा 'शेत/विहीर/पाणी'. आपल्या संगणकावरची पायथॉन भाषेतली छोटीशी स्क्रिप्ट ब्रोकरला एकदाच सांगून ठेवते, "या विषयाचे निरोप मला हवेत." मग सारखं विचारत बसायला नको. निरोप आला रे आला, की ब्रोकर तो पुढे पाठवतो.

निरोप हरवू नये म्हणून पोच मागता येते. पोच मिळाली नाही, तर तोच निरोप पुन्हा पाठवला जातो. त्यामुळे तो कधी कधी दोनदा पोचतो! स्क्रिप्ट लिहिताना हे ध्यानात ठेवायलाच हवं.

आणि यंत्रच बंद पडलं तर? त्याचीही सोय आहे. जोडणी करतानाच यंत्र ब्रोकरकडे आपलं 'इच्छापत्र' ठेवू शकतं. ठरलेल्या वेळात यंत्राची चाहूल लागली नाही, की ब्रोकर ते त्या विषयाचे निरोप मागणाऱ्या सर्वांना पाठवतो : 'विहिरीवरचं यंत्र बंद पडलं!'

नाहीतर काय होईल? निरोप येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजून आपण स्वस्थ बसू, आणि तिकडे विहीर कोरडी पडलेली असेल!