हातभर अंतरावरचा पुढारी

नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीहून मांजरा नदी ओलांडली की तेलंगणा लागतो. अलीकडच्या गावांतही मराठी आणि तेलुगू शेजारी शेजारी नांदतात. 1948 पर्यंत हा सगळा निजामाचा मुलूख होता. पलीकडच्या निजामाबाद-मेदक पट्ट्यात वेस्लियन मेथडिस्ट मिशनने शाळा काढल्या, दवाखाने उघडले. डिचपल्लीला डॉ. इझाबेल कर यांनी 1915 मध्ये कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना सुरू केला. मेदकचे भव्य चर्च 1924 मध्ये पुरे झाले; दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे हाही त्या बांधकामामागचा हेतू होता. चर्च डोळ्यांत भरते. पण खेड्यातल्या ख्रिस्ती माणसाची श्रद्धा रोजच्या रोज जागी राहते ती घरसभेत: ओसरीवर अंथरलेली सतरंजी, एक ढोलकी, झांजा, आणि पुढे बसलेला सभा चालवणारा, तोही त्याच गल्लीतला.

पाळकसाहेब महिन्यातून एखाद्या वेळी येतात. हा मात्र रोज दिसतो. त्याची उधारी दुकानदाराला माहीत, त्याचा आवाज शेजारच्या भिंतीला माहीत.

अशा छोट्या गटाचे बीज मेथडिस्टांमध्ये कसे पडले, ती हकिगत फार बोलकी आहे. 1742 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहावर कर्ज होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, असे कॅप्टन फॉय नावाच्या माणसाने सुचवले. गरिबांचे काय, असा प्रश्न निघाला. तेव्हा तो म्हणाला की अकरा अगदी गरीब माणसे माझ्याकडे लावा, त्यांना जमले नाही तर त्यांची भर मी घालीन. अशी जबाबदारी घेऊन वर्गणीसाठी घरोघर फिरू लागलेल्या माणसांना मग कुठे दारू, कुठे भांडण, कुठे आजारपण दिसू लागले. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी हे हेरले आणि साधारण बारा जणांच्या गटाला एक प्रमुख, अशी घडीच बसवली. म्हणजे पहिल्या गटप्रमुखाची ओळख प्रवचनाने झाली नाही. दुसऱ्याची वर्गणी स्वतःच्या खिशातून भरण्याच्या तयारीने झाली.

पौलाने तीमथ्याला मंडळीच्या पुढाऱ्याची लक्षणे कळवली, त्यांतही शिकवण्याचे कसब एकदाच येते. बाकी यादी वागण्याची: पैशाचा लोभ नको, भांडखोरपणा नको, दारूचे व्यसन नको, आल्यागेल्याचे आतिथ्य हवे, घर नीट चालवलेले हवे, बाहेरच्यांतही नाव चांगले हवे. सभेला गोड गळ्याचा माणूस मिळाला की लोक ही यादी विसरतात, आणि नुकसान तिथूनच सुरू होते.

पैशाचेच घ्या. घरसभेत जमणारे दान दहा-वीस रुपयांच्या नोटांचे. रक्कम लहान म्हणून वही ठेवायची नाही, हा विचार घातक. नोटा सगळ्यांदेखत मोजाव्यात, आकडा तिथेच लिहावा, दुसऱ्या कुणाची तरी सही घ्यावी. मजुरी करून आलेल्या बाईने पदराच्या गाठीतून काढलेल्या नोटेला एवढा मान मिळालाच पाहिजे.

जेवणाची पंगत ही दुसरी कसोटी, कारण जात तिथेच उघडी पडते. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. परतल्यावरही सोवळे, वेगळा स्वयंपाक, वेगळे पाणी चालूच होते. त्यांची जातीची समजूत हळूहळू, आतून गळून पडली आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी टिळकांचा तापटपणा आणि त्यामुळे झालेली संसाराची ओढाताण झाकून ठेवली नाही. तरीही वाचकाचा टिळकांवरचा विश्वास उडत नाही, उलट वाढतो. सभा चालवणाऱ्याने निर्दोष दिसायची धडपड करू नये. चुकले तर त्याच गटासमोर मान्य करावे. टिळकांची पंगत पुढे आणखी रुंदावली: 1917 मध्ये त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. त्यासाठी त्यांनी मिशनची नोकरी सोडली होती.

जिभेची कसोटी सर्वांत कठीण. प्रार्थनेसाठी सांगितलेले दुःख दुसऱ्या दिवशी बोअरवर पाणी भरताना चर्चेला आले, तर ती बाई पुन्हा तोंड उघडत नाही. सून-सासूचे, व्यसनी नवऱ्याचे, पळून गेलेल्या मुलीचे बोलणे प्रार्थनेत नाव घेऊन मांडू नये. परवानगी विचारावी. याकोबाच्या पत्रात जिभेचा एवढा विचार आहे, आणि त्या भागाची सुरुवातच शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना दिलेल्या इशाऱ्याने होते.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छोट्या गटाची ताकद लख्ख दिसते. 1905 च्या जानेवारीत त्यांनी रोजच्या प्रार्थनेसाठी हाक दिली, सुमारे 70 जणी जमल्या. जूनपर्यंत संख्या 550 वर गेली. मग आसपासच्या खेड्यांत जायला कोण तयार, असे विचारल्यावर 30 मुली पुढे आल्या. तिथल्या कित्येक जणी दुष्काळातून, वैधव्यातून आलेल्या. ज्यांना समाजाने टाकून दिले होते, त्यांच्यावर रमाबाईंनी दुसऱ्यांची जबाबदारी सोपवली. स्वतः पांढऱ्या साध्या लुगड्यात राहून त्या हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. छपाईचे कामही मुक्तीतल्या बायकामुलीच करत.

बिलोली-देगलूरकडच्या गटांना हा धडा फार उपयोगी आहे. इथली तरुण माणसे कामासाठी हैदराबादेला, पुण्याला जातात. सभा चालवणाराच एखाद्या हंगामात गावी नसतो. सगळे एकट्याच्या हातात असेल तर त्याच्या मागे सभा बंद पडते. म्हणून त्याने आधीच एखाद्या सुनेला शास्त्रवाचन द्यावे, एखाद्या पोराला दानाची वही द्यावी, आणि आपण गावात असतानाही महिन्यातून एकदा मागच्या रांगेत बसावे. तिथून नव्याची चूक सगळ्यांसमोर दुरुस्त करायचा मोह आवरावा. जे सांगायचे ते सभा सुटल्यावर, त्याला बाजूला घेऊन सांगावे.