एमआरआय मशीनचा प्रवास: सगळ्यात स्वस्त कोटेशन सगळ्यात महाग का पडू शकतं?

हॉस्पिटलमध्ये एमआरआय येणार अशी घोषणा होते. फ्लेक्स लागतात, फोटो निघतात. मग कधी कधी महिने जातात, तरी रुग्णांना स्कॅनसाठी बाहेरच पाठवलं जातं. 'निधी अडकला असेल' असं लोक म्हणतात. पण घोडं अडण्याची आणखी एक जागा असते, जिची फारशी चर्चा होत नाही. ती म्हणजे मशीन बंदरातून खोलीपर्यंत नेणं आणि तिथं बसवणं.

हे काम कुणाला द्यायचं, हा निर्णय मशीनच्या कंपनीइतकाच महत्त्वाचा असतो. का, ते समजून घेऊया.

हे मशीन इतकं नाजूक का?

एमआरआयचा जीव त्याच्या मॅग्नेटमध्ये असतो. आत नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची वेटोळी असतात. ती उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवली की त्यातून वीज कोणत्याही विरोधाशिवाय वाहते आणि जबरदस्त चुंबकीय क्षेत्र तयार होतं. १.५ टेस्लाचं मशीन म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट ताकद.

ही थंडी येते द्रव हेलियममुळे. पारंपरिक मशीनमध्ये ते दीड हजार लिटरच्या आसपास असतं. अलीकडच्या काही मॉडेल्समध्ये मात्र १० लिटरपेक्षाही कमी लागतं.

पारंपरिक मॅग्नेट सहसा हेलियम भरूनच पाठवतात. प्रवासात चुंबकीय क्षेत्र बंद असतं, पण थंडावा टिकवणारी यंत्रणाही सहसा बंदच असते. त्यामुळे हेलियम थोडं थोडं उडत राहतं. कस्टम्समध्ये किंवा गोदामात मुक्काम लांबला की नुकसान वाढतं. भारत जवळपास सगळं हेलियम आयात करतो, त्यामुळे ते पुन्हा भरणं खर्चिक आहे.

शेवटचे शंभर मीटर सगळ्यात अवघड

मॅग्नेटचं वजन काही टन असतं. न्हावा शेवाहून लो-बेड ट्रेलरवर तो शहरात पोहोचतो. खरी परीक्षा हॉस्पिटलच्या गेटपाशी सुरू होते. ट्रेलर वळेल का? वरून विजेच्या तारा जातात का? क्रेन उभी करायला पक्की जमीन आहे का? आत नेण्याच्या वाटेवरची फरशी वजन पेलेल का? अनेकदा मॅग्नेट दारातून जातच नाही. त्यासाठी भिंत उघडी ठेवावी लागते किंवा तो छतातून खाली सोडावा लागतो.

पेटीवर धक्का आणि कलणं नोंदवणारे इंडिकेटर लावलेले असतात. पेटी जोरात आदळली की रंग बदलतो. तो कुणाच्या ताब्यात असताना बदलला, यावरून पुढचे वाद होतात.

मग गोंधळ कुठं होतो?

या कामात मशीनची कंपनी, क्लिअरिंग एजंट, ट्रान्सपोर्टर, क्रेनवाला, सिव्हिल आणि इलेक्ट्रिक कंत्राटदार असे बरेच हात लागतात. प्रत्येकाचं स्वस्त कोटेशन वेगवेगळं घेतलं तर बेरीज कमी दिसते. पण भिंत वेळेत उघडी झाली नाही, तर क्रेनवाला वेटिंग चार्ज लावतो, सिव्हिलवाला ड्रॉइंग उशिरा मिळालं म्हणतो आणि मॅग्नेट आवारात ताडपत्रीखाली उभा राहतो. नुकसान मोठं होतं, पण ते कुणाचंच नसतं.

निवडताना काय विचारायचं?

१. जागा आधी कोण पाहणार? रस्ता, गेट, फरशी, क्रेनची जागा, सगळ्याचा लेखी सर्व्हे दर ठरण्याआधी हवा.

२. जबाबदारी कुठून कुठपर्यंत? बंदरापासून खोलीपर्यंत एकच नाव कागदावर असलेलं बरं. नसेल, तर प्रत्येक ताबा बदलताना इंडिकेटरचा फोटो आणि सही हवी.

३. विमा कुठं संपतो? वाहतुकीचा विमा सहसा माल पोहोचला की संपतो. उचलणं आणि बसवणं यासाठी 'इरेक्शन ऑल रिस्क' प्रकारचा वेगळा विमा लागतो. ट्रेलरवरून उतरवतानाचा क्षण दोन्हींच्या मधे राहू नये.

४. प्रत्यक्ष येणार कोण? कंपनीचा अनुभव पुरेसा नाही. येणाऱ्या टीमने असं मशीन आधी बसवलंय का आणि क्रेनचं लोड टेस्ट सर्टिफिकेट चालू आहे का, तेही पाहावं.

५. उशीर झाला तर? वीजजोडणी असलेली साठवणुकीची जागा कोण देणार आणि हेलियमचा खर्च कोण उचलणार, हे आधीच लिहून घ्यावं.

सरकारी टेंडरमध्ये दोन लिफाफे असतात, तांत्रिक आणि आर्थिक. तांत्रिक अटी ढिल्या असतील तर सगळेच पात्र ठरतात आणि मग फक्त कमी दर जिंकतो. त्यामुळे वरचे प्रश्न अटी लिहितानाच यायला हवेत.

बसवून झालं की काम संपतं का?

नाही. चुंबकीय क्षेत्र एकदा सुरू झालं की ते चोवीस तास असतं, स्कॅन चालू नसतानाही. मग साधा पानाही जीवघेणा ठरतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर घेऊन एमआरआय रूममध्ये गेलेल्या तरुणाचा मृत्यू झाला होता.

दुसरा धोका हेलियमचा. एक लिटर द्रव हेलियमचा सातशे लिटरहून जास्त वायू होतो. बिघाड झाला तर तो बाहेर नेणारा पाइप नीट बसवलेला हवा, नाहीतर खोलीतला ऑक्सिजन कमी होतो. म्हणून पाइपची तपासणी आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण झाल्याशिवाय शेवटचं बिल काढू नये.

तुमच्या भागातल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये मशीन येऊनही सुरू झालं नसेल, तर माहिती अधिकारात तीन गोष्टी मागता येतात: जागेचा सर्व्हे रिपोर्ट, बसवण्याचा करार आणि मशीन ताब्यात घेतल्याची तारीख. काम नेमकं कुणाच्या हातात अडलंय, याचा अंदाज त्यावरून येऊ शकतो.