आईच्या पेटीतल्या लच्छ्या

आपल्या समाजात आईकडून लेकीला शेत मिळाले, असे फार थोड्या घरी घडले. सोनेही बेताचेच. पण जुन्या पत्र्याच्या पेटीच्या तळाशी भरतकामाच्या दहा-बारा लच्छ्या, एक लाकडी रिंग आणि अर्धवट भरलेला एखादा रुमाल मात्र पुष्कळ घरी निघतो. बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर, खामगावकडे कार्यक्रमांच्या निमित्ताने घरोघरी जाताना आम्ही हे अनेकदा पाहिले आहे. आई गेल्यावर या लच्छ्यांचे करायचे काय, असा प्रश्न मुली-सुनांना पडतो. कोणी टाकून देतात, तर कोणी आठवण म्हणून गाठोड्यात बांधून ठेवतात. आमचे म्हणणे असे, की त्या वापराव्यात. मात्र तपासून वापराव्यात.

या दोऱ्याचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे. खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची मोठी पेठ. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो या कापसासाठीच. इथला कापूस मुंबईमार्गे विलायतेला जाई आणि तिकडच्या गिरण्यांतले सूत नि कापड इकडच्या बाजारात येई. पुढे स्कॉटलंडची कोट्स कंपनी आणि दक्षिणेतली मदुरा मिल्स १९७४ साली एकत्र येऊन मदुरा कोट्स झाली. तिच्या ‘अँकर’ लच्छ्या गावोगावच्या कटलरीच्या दुकानांत मिळू लागल्या. उन्हात कापूस वेचणारी बाई त्याच मजुरीतून पैसे वाचवून ही लच्छी घेई आणि रात्री दिव्याखाली टाके घाली. म्हणून ती फेकताना हात थांबला पाहिजे.

आधी तपासणी

वीतभर दोरा दोन्ही हातांत धरून हलका झटका द्या. पटकन तुटला किंवा भुगा पडला, तर तो सुईत ओवू नका. रंग फार आवडीचा असेल तर तो कापडावर नुसता अंथरा आणि दुसऱ्या बारीक दोऱ्याने जागोजागी टिपून घ्या. असे काम भिंतीवरच्या तसबिरीला चालते, उशीच्या अभ्र्याला नाही.

मग रंगाची परीक्षा. पांढरे सुती फडके ओले करा, त्यावर दोरा ठेवून दाबा आणि वाळू द्या. लाल, गडद निळा आणि काळा हे रंग जास्त दगा देतात. रंग उतरला तर दोरा थंड पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून सावलीत वाळवा. तरीही उतरत असेल, तर धुवायच्या कपड्याला तो लावू नका. एका धुण्यात आईचे सगळे काम डागाळेल. फार चकचकीत ‘रेशमी’ लच्छी बहुधा रेयॉनची असते. रेयॉन ओले झाले की कमजोर पडते, म्हणून ती चोळू नका, पिळू नका.

मॅचिंग कसे करावे

लच्छीवरची कागदी पट्टी कधीही फेकू नये, कारण शेड नंबर तिच्यावर असतो. प्रत्येक कंपनीचे नंबर वेगळे असतात. काळा रंग अँकरमध्ये ४०३, तर फ्रान्सच्या डीएमसीमध्ये ३१०. नंबर तोच असला तरी रंगाचा घाणा बदलला की छटा थोडी बदलते. शिवाय जुना दोरा उजेडाने फिका पडलेला असतो.

जुने काम उलटे करून पाहा. मागच्या बाजूला मूळ रंग दिसतो, पुढे उडालेला. अर्धवट काम पुरे करायचे असेल तर नवा दोरा पुढच्या बाजूशी जुळवा. दुकानात कापड सोबत न्या आणि दोन-तीन लच्छ्या घेऊन बाहेर ओट्यावर, दिवसाच्या उजेडात, सावलीत उभे राहून पाहा. ट्यूबलाइटखाली जुळलेले रंग बाहेर वेगळे दिसतात. मोबाइलच्या फोटोवर तर मुळीच विसंबू नका. अख्खी लच्छी गडद भासते, म्हणून तिचा एक पदर काढून कापडावर आडवा ठेवून बघा.

एवढे करूनही रंग जुळला नाही तर सुईत एक पदर जुना आणि एक नवा घ्या. त्यामुळे फरक डोळ्यांत भरत नाही. पाकळीच्या मध्येच दोरा बदलू नका, पाकळी संपली की बदला. पंचशील ध्वजासारखे रुंद पट्टे भरायचे असतील तर एका रंगाचा सगळा दोरा एकदमच घ्यावा आणि जुना दोरा काठाला, अक्षरांना वापरावा.

हिशेब ठेवा

आमचा पेशा कारकुनीचा, म्हणून हिशेब सांगतो. अँकरची लच्छी आठ मीटरची आणि सहा पदरांची. दोन पदरांनी भरले तर चोवीस मीटर काम होते. सुरुवात करण्याआधीच अंदाज बांधा, म्हणजे दोरा निम्म्यात संपणार नाही. एका वहीत प्रत्येक रंगाचा बोटभर तुकडा चिकटवा आणि शेजारी नंबर, दुकान, साल लिहा. लच्छ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा थेट पत्र्यावर न ठेवता सुती कापडात गुंडाळून ठेवा. पत्र्याचा गंज दोऱ्याला लागतो.

मेहकर तालुक्यातल्या एका भगिनीने आईचा अर्धवट अभ्रा असाच पुरा केला. शेवटच्या दोन फुलांचा गुलाबी रंग काही केल्या जुळेना. तिने ती फुले सरळ दुसऱ्या रंगात भरली आणि खाली दोघींची नावे टाकली. आम्हाला ते पटले. आईचा हात कुठे थांबला आणि लेकीचा कुठून सुरू झाला, हे नातवंडांना दिसू द्यावे.

ज्यांच्या घरी आई, आजी आज आहेत, त्यांनी पेटी त्यांच्यासमोरच उघडावी. कोणती लच्छी कुठून आणली, कशासाठी आणली, हे विचारून वहीत लिहून घ्यावे. दुकानदार रंग जुळवून देईल, पण ही माहिती त्याच्याकडे मिळणार नाही.