घड्याळ लावावं असा आवाज

तुमची सकाळ कशाने सुरू होते? बहुतेक मोबाइलच्या अलार्मने. आज जरा घरातल्या आजीला किंवा आईला विचारून बघा, त्यांची सकाळ कशाने सुरू व्हायची. माहेर पुण्याकडचं असेल, तर एक नाव नक्की ऐकायला मिळेल. सुधा नरवणे!

सुधाताई आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सकाळी प्रादेशिक बातम्या द्यायच्या. सात वाजून गेले की घरोघरी त्यांचा आवाज यायचा. एकीकडे डबा भरणं चालू, दुसरीकडे कुणाची दाढी, कुणाची वेणी. ‘बातम्या लागल्या, आवरलं नाही अजून?’ एवढं म्हटलं की मुलं दप्तर शोधायला धावायची. वेळ बघायला भिंतीवरच्या घड्याळाची गरजच नसायची.

खरं सांगू? माझा जन्म नंतरचा. हा आवाज मला मोठ्यांच्या आठवणींतूनच माहीत आहे. म्हणून मला प्रश्न पडायचा, बातम्या वाचणाऱ्या व्यक्तीवर इतकी माया कशी काय जडते? आरजेसारख्या गप्पा नाहीत, विनोद नाहीत, आवडीची गाणी नाहीत. हातात कागद आणि मोजकी मिनिटं.

उत्तर बहुधा त्या मोजकेपणातच आहे. स्पष्ट उच्चार, शांत सूर, आरडाओरडा नाही. बातमी आनंदाची असो वा काळजीची, ऐकणाऱ्याला घाबरवायचं नाही. रोज त्याच वेळी, त्याच आपुलकीने कुणी बोलत असेल, तर ती व्यक्ती न भेटताही घरातलीच होऊन जाते.

31 डिसेंबर 2019 रोजी जनरल मनोज नरवणे लष्करप्रमुख झाले. देशाला नवे लष्करप्रमुख मिळाले, पण पुण्यातल्या जुन्या श्रोत्यांसाठी ते आधी ‘आपल्या सुधाताईंचा मुलगा’ होते!

2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झालेल्या याच पुणे केंद्राचा वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय जून 2023 मध्ये झाला होता. त्याला जोरदार विरोध झाला आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. बातम्या तर आता मोबाइलवर क्षणात मिळतात. तरीही लोकांना हा विभाग हवा होता, कारण आपल्या भागाची बातमी आपल्या माणसाच्या आवाजात ऐकण्याची सवय सहजासहजी सुटत नाही.

तुम्ही दिल्लीत असा, इंदूरला किंवा बेंगळुरूला, ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर पुणे केंद्र आजही ऐकता येतं. एखाद्या सकाळी ते लावा आणि आजीला शेजारी बसवा. बातम्या संपल्या की रेडिओ बंद करा आणि तिला बोलू द्या. तिच्या सकाळच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. तोही एक आवाजच आहे, जो आपण रोज ऐकतो आणि जपून ठेवायचं मात्र विसरतो.