सैनिकाचे बचत खाते : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतात सैनिकांसाठी वेगळी बँक नाही. भूदल, नौदल आणि वायुदलातील पगार व पेन्शन नागरिकांच्याच बँकांत जमा होते. काही बँका सैन्यदलांशी सामंजस्य करार करतात आणि पगाराच्या खात्याला सवलती जोडतात. स्टेट बँकेचे ‘डिफेन्स सॅलरी पॅकेज’, पंजाब नॅशनल बँकेची ‘रक्षक’ योजना, ॲक्सिस बँकेचे ‘पॉवर सल्यूट’ ही त्यांतली परिचित नावे. अग्निवीरांच्या खात्यांसाठी भूदलाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ११ बँकांशी असे करार केले.

या खात्याला पॅकेजचे नाव असले तरी ते मुळात बचत खातेच असते. पॅकेजमुळे दोन गोष्टी बदलतात : बँकेचे शुल्क आणि खात्याबरोबर येणारा अपघात विमा. व्याजाचा दर, ठेवीची सुरक्षितता आणि व्याजावरचा कर तसाच राहतो. सैनिक आणि माजी सैनिकांमधील बहुतेक गैरसमज बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या गोष्टींची गल्लत झाल्याने निर्माण होतात.

गैरसमज १ : फौजी खात्यावर व्याज जास्त मिळते

बचत खात्याचा दर रिझर्व्ह बँकेने २५ ऑक्टोबर २०११ रोजी नियंत्रणमुक्त केला. तेव्हापासून प्रत्येक बँक आपला दर स्वतः ठरवते. अट एकच आहे : १ लाख रुपयांपर्यंतच्या शिल्लकीवर त्या बँकेच्या सर्व ग्राहकांना सारखाच दर मिळाला पाहिजे. त्यापुढील रकमेसाठी बँकेला टप्प्यांनुसार वेगळे दर ठेवता येतात, मात्र तो फरक रकमेवर अवलंबून असतो, गणवेशावर नाही.

स्टेट बँकेचा बचत दर जून २०२५ पासून २.५ टक्के झाला. टपाल कार्यालयाच्या बचत खात्यावर त्या वेळीही ४ टक्के मिळत होते. वर्षभर ३ लाख रुपये पडून राहिले, तर पहिल्या ठिकाणी सुमारे ७,५०० आणि दुसऱ्या ठिकाणी १२,००० रुपये व्याज होते. जवानांच्या भविष्य निर्वाह निधीवर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के दर आहे, मात्र तो पैसा हवा तेव्हा काढता येत नाही.

व्याज रोजच्या शिल्लकीवर मोजण्याची पद्धत १ एप्रिल २०१० पासून सर्व बँकांना लागू आहे. त्यामुळे महिन्यातील ठरावीक तारखांना शिल्लक राखून जास्त व्याज मिळवण्याची जुनी युक्ती आता उपयोगाची नाही. दूरच्या पोस्टिंगवर असलेल्या जवानाचा पगार महिनोन्‌महिने खात्यात साचत राहतो. त्याला दरातील अर्ध्या टक्क्याच्या फरकापेक्षा ‘ऑटो स्वीप’ सुविधा जास्त फायद्याची ठरते. ठरवलेल्या मर्यादेवरची रक्कम आपोआप मुदत ठेवीत जाते आणि गरज पडली की ठेव मोडून खात्यात परत येते. ही सुविधा अनेक पॅकेजमध्ये असते, पण सहसा अर्ज केल्यावरच सुरू होते.

गैरसमज २ : सैन्याशी करार असलेल्या बँकेतली सगळी रक्कम सुरक्षित असते

सैन्यदलाशी झालेला करार हा सेवांचा करार असतो, त्यातून ठेवीला हमी मिळत नाही. बँकेतील ठेवीला कायद्याचे संरक्षण आहे ते ठेव विम्याचे. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा प्रति ठेवीदार, प्रति बँक ५ लाख रुपये झाली. त्याआधी १९९३ पासून ती १ लाख होती. ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरले जातात. एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांतील बचत खाती आणि मुदत ठेवी एकत्र मोजल्या जातात, त्यामुळे शाखा बदलून संरक्षण वाढत नाही. पती-पत्नीच्या संयुक्त खात्यातील रक्कम मात्र एकट्याच्या नावावरील खात्यापासून वेगळी धरली जाते.

महाराष्ट्रात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. सहकारी बँकांना ठेव विमा लागू होतो, पतसंस्थांना नाही. गावातील पतसंस्था जास्त व्याज देते, ओळखीची माणसे संचालक असतात आणि निवृत्तीची रक्कम तिथे ठेवली जाते. संस्था बुडाल्यास त्या रकमेला ठेव विम्याचा एक रुपयाही मिळत नाही. विमा असूनही लगेच पैसे मिळतातच असे नाही, हे २०१९ मध्ये निर्बंध आलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांनी अनुभवले. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि निर्बंध आलेल्या बँकेतील विमा रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद करण्यात आली.

गैरसमज ३ : खात्यावरचा विमा म्हणजे आयुर्विमाच

फौजी खात्याच्या जाहिरातीत सर्वांत मोठा आकडा असतो तो विम्याचा. हा विमा बहुतांशी वैयक्तिक अपघात विमा असतो. अपघाती मृत्यू, कायमचे अपंगत्व आणि काही पॅकेजमध्ये विमान अपघात यांना तो लागू होतो. हृदयविकाराने किंवा अन्य आजाराने मृत्यू झाल्यास त्यातून काही मिळत नाही. सैन्यदलांच्या स्वतःच्या गट विमा योजना पूर्णपणे वेगळ्या आहेत. त्यांची वर्गणी पगारातून कापली जाते आणि बँक बदलल्याने त्यांवर परिणाम होत नाही. भूदलाची अशी योजना १९७६ पासून चालू आहे.

बँक स्वतः विमा देत नाही. ती विमा कंपनीकडून गट पॉलिसी घेते आणि पॉलिसीच्या नूतनीकरणाबरोबर रक्कम व अटी बदलू शकतात. म्हणून दोन बँकांची तुलना करताना आकड्याबरोबर चार गोष्टी पाहाव्या लागतात. कारवाईतील मृत्यू धरला आहे का? अपंगत्वाची व्याख्या काय आहे? दावा किती दिवसांत कळवायचा आहे? निवृत्तीनंतर संरक्षण किती रकमेचे आणि कोणत्या वयापर्यंत आहे? माजी सैनिकांसाठी ही रक्कम सहसा कमी असते आणि तिला वयाची मर्यादा असते.

पगार जमा होतो म्हणून साधे बचत खाते आपोआप पॅकेजमध्ये जात नाही. सेवेत दाखल होण्याआधी उघडलेल्या गावाकडच्या खात्यात पगार येत असेल, तर त्याचा प्रकार बदलून घ्यावा लागतो. डेबिट कार्डावरील विमा आणखी वेगळा असतो. अपघाताआधीच्या ठरावीक दिवसांत त्या कार्डाने व्यवहार झालेला असावा, अशी अट त्यात बहुधा असते. या सर्व संरक्षणाची माहिती घरच्यांना नसेल, तर दाव्याची मुदत निघून जाते. पॅकेजचे नाव, खाते क्रमांक आणि शाखेचा पत्ता घरी लिहून ठेवणे त्यामुळे गरजेचे ठरते.

गैरसमज ४ : शून्य शिल्लकीची सवलत कायमची असते

किमान शिल्लक न ठेवण्याची मुभा पगार किंवा पेन्शन जमा होत राहण्यावर अवलंबून असते. सलग काही महिने ती जमा झाली नाही, की बँक खात्याचे रूपांतर साध्या बचत खात्यात करते आणि त्या खात्याचे नियम लागू होतात. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये किमान शिल्लकीची अट काढली. २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक अशा इतर सरकारी बँकांनीही दंड रद्द केला. अनेक खासगी बँकांत ही अट कायम आहे.

अग्निवीरांच्या बाबतीत हा बदल ठरलेलाच आहे. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना नियमित सेवेत घेतले जाते. बाकीच्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही, त्यामुळे पेन्शनरांसाठीचे पॅकेज त्यांना आपोआप मिळत नाही. त्यांच्या हाती सेवा निधीची सुमारे ११.७१ लाख रुपयांची करमुक्त रक्कम येते. ती ५ लाखांच्या ठेव विम्याच्या मर्यादेबाहेर जाते. शिवाय २.५ टक्के दराच्या बचत खात्यात वर्षभर राहिली, तर तिच्यावर २९ हजारांच्या आसपासच व्याज मिळते.

न वापरलेल्या खात्यांचा प्रश्नही बदल्यांमुळे वाढतो. खातेदाराने दोन वर्षे एकही व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय ठरते. बँकेने जमा केलेले व्याज व्यवहार म्हणून धरले जात नाही. १ एप्रिल २०२४ पासून निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकीचा दंड लावता येत नाही आणि व्याज चालू राहते. दहा वर्षांनंतर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. तिथूनही खातेदाराला किंवा वारसाला ती बँकेमार्फत परत मिळू शकते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर अशा रकमा शोधता येतात.

गैरसमज ५ : बँक बदलली की पगार किंवा पेन्शन अडकते

प्रशिक्षण केंद्राजवळ ज्या बँकेची शाखा असते, तिथेच बहुतेक रंगरूटांची खाती उघडली जातात. ते खाते पुढे सेवाभर ठेवण्याचे बंधन नसते. जवानाचा अर्ज युनिटमार्फत वेतन लेखा कार्यालयाकडे जातो. भूदलातील अधिकाऱ्यांच्या वेतनाचे काम पुण्यातील संरक्षण लेखा प्रधान नियंत्रक कार्यालय पाहते.

पेन्शनच्या बाबतीत जुनी समजूत अजून टिकून आहे. पूर्वी बँकांची पेन्शन केंद्रे रक्कम मोजून देत असत. आता ‘स्पर्श’ प्रणालीतून पेन्शन थेट खात्यात येते आणि तिचा कारभार प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे आहे. रक्कम ठरवण्यात बँकेचा हात राहिलेला नाही. खाते बदलण्याची विनंती ‘स्पर्श’वर किंवा सेवा केंद्रातून करता येते. नव्या खात्यात पहिली पेन्शन येईपर्यंत जुने खाते बंद करू नये. पेन्शनवर कर्ज घेतलेले असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आधी लागते. पेन्शन थांबण्याचे एक नेहमीचे कारण वेगळेच असते, ते म्हणजे वार्षिक हयातीचा दाखला न देणे. ‘जीवन प्रमाण’ पद्धतीने तो घरबसल्याही देता येतो.

गैरसमज ६ : कार्ड आणि पिन घरी दिला की व्यवस्था झाली

जवान सीमेवर आणि कार्ड पत्नी किंवा भावाकडे, ही सर्रास दिसणारी सोय बँकेच्या नियमांत बसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थाने केलेल्या फसवणुकीची तक्रार सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत केली, तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. पिन दुसऱ्याला सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच ठरते. नेटवर्क नसलेल्या चौकीवर तीन दिवस सहज निघून जातात. संयुक्त खाते आणि पत्नीच्या नावाचे स्वतंत्र कार्ड हा यावरचा सरळ मार्ग आहे.

‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या प्रकारचे संयुक्त खाते पेन्शनसाठीही चालते. पेन्शन आदेशात पत्नीचे नाव असेल, तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी नवे खाते उघडण्याचा आग्रह बँकेने धरू नये, असा नियम आहे.

नॉमिनी हा रकमेचा मालक होतो, हीही चुकीची समजूत आहे. बँक नॉमिनीला पैसे देऊन जबाबदारीतून मोकळी होते, पण रकमेवर हक्क कायदेशीर वारसांचाच राहतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी नेमता येतात. लग्नाआधी आईवडिलांच्या नावे केलेली नोंद लग्नानंतर आपोआप बदलत नाही.

गैरसमज ७ : सैनिकाच्या खात्यावरचे व्याज करमुक्त असते

काही रकमा खरोखर करमुक्त आहेत. परमवीर चक्र, महावीर चक्र व वीर चक्र मिळालेल्यांची पेन्शन आणि पेन्शन विकून, म्हणजे अंशराशीकरणातून मिळालेली रक्कम ही त्यांची उदाहरणे. त्याच रकमा खात्यात ठेवल्यावर मिळणारे व्याज मात्र करपात्र असते. जुन्या करप्रणालीत बचत खात्याच्या व्याजावर १०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. ज्येष्ठ नागरिकांसाठी मुदत ठेवींसह ती ५०,००० रुपये आहे. नव्या प्रणालीत या वजावटी नाहीत.

गैरसमज ८ : निवृत्तीची रक्कम पेन्शनच्या खात्यातच बरी

जवान बहुधा चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. उपदान, भविष्य निधी आणि अंशराशीकरण यांची रक्कम एकदम खात्यात येते. बचत खाते रोजच्या खर्चासाठी आणि काही महिन्यांच्या अडीअडचणीसाठी पुरेसे असते. त्यापुढील रकमेसाठी वेगळी साधने आहेत आणि त्यांतील एकात माजी सैनिकांना वयाची सवलत आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सर्वसाधारण पात्रता ६० वर्षांची आहे. संरक्षण दलांतून निवृत्त झालेल्यांना, योजनेच्या इतर अटी पाळून, ५० व्या वर्षीच खाते उघडता येते. संरक्षण खात्यातील नागरी कर्मचाऱ्यांना ही सवलत नाही. एप्रिल २०२३ पासून योजनेची कमाल मर्यादा ३० लाख रुपये झाली आणि दर ८.२ टक्के ठरला. दराचा आढावा दर तिमाहीला घेतला जातो, पण एकदा गुंतवलेल्या रकमेचा दर पाच वर्षे कायम राहतो. चाळीस ते पन्नास या वयात मुदत ठेवी, शक्यतो एकाहून अधिक बँकांत विभागलेल्या, हा सोपा पर्याय उरतो.

निवडीचा क्रम

खाते निवडताना सर्वांत आधी पाहावी ती घराजवळची शाखा, कारण व्यवहार कुटुंबाला करावे लागतात. त्यानंतर संयुक्त खात्याची सोय, अपघात विम्याच्या लेखी अटी आणि सेवा संपल्यावर खात्याचे काय होते, हे तपासावे. किमान शिल्लक आणि इतर शुल्क त्यानंतर येते. बचत दराची तुलना शेवटी केली तरी चालते, कारण मोठी रक्कम बचत खात्यात ठेवायचीच नसते.