पांदणीवरची सायकल

जऊळका हे वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं गाव. अकोला–पूर्णा लोहमार्गावर स्टेशन आहे, त्यामुळे सायकल घेऊन येणं जमतं. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून जातो, पण त्यावर सायकलला बंदी. नाही तरी ग्रॅव्हल बाइकची खरी मजा मुरूम टाकलेल्या पांदणीवर.

या सायकलीचं हँडल शर्यतीच्या सायकलसारखं वाकडं, टायर मात्र साधारण ४० मिलिमीटर रुंद. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरियात २००६ पासून कच्च्या रस्त्यांवर शर्यत होते. लांबी २०० मैल. ग्रॅव्हल सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीत सुरू झाली.

जऊळक्यात अडचण चढाची नाही, काळ्या मातीची आहे. पावसानंतर ही माती टायरला चिकटते, चिमट्यात ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. मग काडीनं उकरत बसा. म्हणून सोयाबीन निघाल्यावर, दसऱ्यानंतर यावं. मात्र तेव्हा सराटे वाळलेले असतात. त्यांचा काटा ट्यूबचा हमखास घात करतो. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट हवंच. हवाही डांबरी रस्त्यापेक्षा कमी ठेवावी.

उत्तरेकडे काटेपूर्णा अभयारण्य आहे, १९८८ साली घोषित झालेलं. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय सायकल घालू नका. पांदणीवर बैलगाडी समोर आली, तर उतरून धुऱ्यावर उभं राहा. वाट शेतकऱ्यांची आहे.