पांतानालचा पूर आणि बदलते हवामान

पांतानाल ही पाणथळ भूमी दक्षिण अमेरिकेत पराग्वे नदीच्या वरच्या खोऱ्यात सुमारे दीड लाख चौरस किलोमीटरांवर पसरली असून तिचा बहुतांश ब्राझिलमध्ये येतो. तिचा उतार इतका अल्प आहे की उत्तरेकडील पावसाचे पाणी दक्षिणेस पोचण्यास काही महिने लागतात. तेथे पूर येतो तो पावसाळा सरल्यावर. मासे व पक्षी यांचे जीवनचक्र याच विलंबाशी जुळलेले आहे.

म्हणून केवळ वार्षिक पर्जन्यावरून अनुमान काढणे धोक्याचे होय. तापमानाबरोबर बाष्पीभवन वाढते आणि उथळ पसरलेल्या पाण्यास ते विशेष जाचते. पाऊस तितकाच राहिला तरी पूर आखूड होऊ शकतो. लादारियो येथे १९०० पासून नदीची पातळी मोजली जाते. १९६४ ते १९७३ या काळातही तेथे दीर्घ अवर्षण होतेच. तेव्हा प्रत्येक तूट तापमानवाढीच्या खाती मांडणे शास्त्रशुद्ध नव्हे. मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये पातळी १९६४ च्या नीचांकाच्याही खाली गेली. त्यापूर्वी २०२० च्या वणव्यांत या भूमीचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग जळाला होता. ओल हटली की तळाशी साचलेले वनस्पतिद्रव्यही जमिनीखाली धुमसत राहते आणि पाण्याने जपलेला कार्बन वातावरणात परततो.